लुइस बुन्युएलची मेक्सिकोतली कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुन्युएलला स्पॅनिश दिग्दर्शक म्हणावे की मेक्सिकन?

त्याचा जन्म 22 फेब्रुवारी 1900 रोजी स्पेनच्या आरागॉन प्रांतातल्या कालान्दा या गावी झाला आणि 29 जुलै 1983 रोजी तो मेक्सिको सिटीत वारला. 1949 मध्ये त्याने मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. त्याच्या एकूण 32 चित्रपटांपैकी 20 चित्रपट 1946 ते 1964 या काळात मेक्सिकोत तयार झाले. तरीही चित्रपटांच्या इतिहासावरची अनेक पुस्तके पॅरिसमधल्या त्याच्या तरुणपणीच्या अतिवास्तववादी खोड्यांवरून थेट साठीतल्या फ्रेंच चित्रपटांवर उडी मारतात आणि मधली अठरा वर्षे ‘पोटापाण्यासाठी केलेली कामे’ या एका वाक्यात गुंडाळतात. ही वाटणी चुकीची आहे, असे या मजकुराचे म्हणणे आहे. बुन्युएल धंदेवाईक दिग्दर्शक म्हणून घडला तो मेक्सिकोत, आणि पुढे फ्रान्समध्ये ज्या सफाईचे कौतुक झाले ती त्याने याच अठरा वर्षांत कमावली होती.

मेक्सिकोला येण्याआधी तो काय करत होता?

माद्रिदच्या ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ या विद्यार्थीगृहात त्याची कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का आणि चित्रकार साल्वादोर दाली यांच्याशी मैत्री झाली. 1925 मध्ये तो पॅरिसला गेला, तिथे ज्याँ एपस्टाइन या दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि 1929 मध्ये दालीच्या साथीने ‘अँ शियाँ आंदालू’ हा लघुपट काढला. 1930 चा ‘लाज दॉर’ दंगल उसळल्यामुळे बंद पाडण्यात आला. 1933 मध्ये त्याने स्पेनमधल्या अत्यंत दरिद्री अशा उर्देस भागावर माहितीपट केला. त्याचा खर्च रामोन आसिन या अराजकतावादी मित्राने लॉटरीत जिंकलेल्या पैशांतून झाला होता.

पुढे स्पेनमध्ये यादवी पेटली. प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करत असतानाच 1938 मध्ये तो अमेरिकेला गेला, आणि युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोचा विजय झाल्यावर परतीची वाट बंद झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याला लॅटिन अमेरिकेसाठी चित्रपटांच्या आवृत्त्या तयार करण्याची नोकरी मिळाली. तीही 1943 मध्ये सुटली, कारण दालीने आपल्या आत्मचरित्रात त्याला नास्तिक ठरवले होते आणि त्या काळच्या अमेरिकेत अशा माणसाला सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात ठेवणे अडचणीचे होते. त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने डबिंगचे काम केले. म्हणजे चाळिशी उलटलेल्या, बायको आणि दोन मुले पदरी असलेल्या या माणसाने 1933 नंतर स्वतःच्या नावावर एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. तिशीच्या मध्यात माद्रिदच्या फिल्मोफोनो कंपनीत निर्माता म्हणून त्याने लोकप्रिय चित्रपट जरूर काढले, पण त्यांवर दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव लावायला तो तयार नव्हता.

मग मेक्सिकोच का निवडले?

खरे तर त्याने मेक्सिको निवडलेच नव्हते. 1946 मध्ये दनिझ त्युआल या फ्रेंच निर्मातीने लोर्काच्या ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ या नाटकावर चित्रपट काढायचे ठरवले आणि त्या निमित्ताने दोघे मेक्सिको सिटीत आले. नाटकाचे हक्क दुसरीकडे गेले आणि बेत बारगळला. मात्र तिथेच त्याची गाठ ऑस्कर दान्सिगेर्स या मूळच्या रशियन निर्मात्याशी पडली, आणि त्याने काम देऊ केले.

देश मात्र परका वाटावा असा नव्हता. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या सरकारने पराभूत प्रजासत्ताकाच्या हजारो निर्वासितांना आसरा दिला होता. मेक्सिकोने फ्रँकोच्या राजवटीला कधीच मान्यता दिली नाही आणि स्पेनशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते थेट 1977 मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर. मेक्सिको सिटीच्या कॉफीगृहांत, छापखान्यांत, विद्यापीठात स्पेनहून आलेले कवी, संगीतकार आणि प्राध्यापक भरले होते. भाषा एकच असल्याने वकिलाला वा डॉक्टरला परदेशात जे सोसावे लागते ते पटकथाकाराला सोसावे लागले नाही, इतकाच फरक.

त्या वेळी मेक्सिकोचा चित्रपटधंदा कसा होता?

भरभराटीत होता. दुसऱ्या महायुद्धात मेक्सिको अमेरिकेच्या बाजूने उभा राहिल्यामुळे त्याला कच्ची फिल्म मिळत राहिली, तर तटस्थ राहिलेल्या अर्जेंटिनाची कोंडी झाली, आणि संपूर्ण स्पॅनिशभाषक बाजारपेठ मेक्सिकोच्या स्टुडिओंकडे वळली. 1942 मध्ये केवळ चित्रपटांना कर्ज देण्यासाठी बँक निघाली. गाणारे घोडेस्वार, सोशिक आई, कॅबरेतली पतिता, विनोदी गरीब अशा ठरलेल्या साच्यांवर प्रेक्षकांचे मनापासून प्रेम होते. आपल्याकडच्या बोलपटांच्या बहराच्या काळाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

याच धंद्याची दुसरी बाजू म्हणजे कामगार संघटनांची पोलादी पकड. दिग्दर्शकांच्या शाखेचे दार नवख्यांसाठी जवळपास बंदच असे. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस एकदा आत शिरला की त्याला सलग काम मिळण्याची शक्यता असे. मात्र आत शिरण्यासाठी कुणीतरी हात द्यावा लागे, आणि पहिला चित्रपट पडला तर तो हात लगेच काढून घेतला जाई.

आणि पहिला चित्रपट पडलाच ना?

पडला. ‘ग्रान कासिनो’ (1947) मध्ये मेक्सिकोचा लाडका गायक-नट खोर्खे नेग्रेते आणि अर्जेंटिनाहून नुकतीच आलेली गायिका लिबेर्ताद लामार्के असे दोन तारे होते. कथा ताम्पिकोच्या तेलविहिरींच्या परिसरात घडते, आणि गाण्यांच्या मधे मधे ती कशीबशी सरकते. दोन गायकांनी आळीपाळीने गावे आणि दिग्दर्शकाने बाजूला उभे राहावे, असाच त्या चित्रपटाचा घाट आहे.

तरीही त्यात एक जागा आहे. प्रेमप्रसंग रंगात आला असताना नेग्रेते हातातल्या काठीने तेलाने माखलेला चिखल ढवळू लागतो आणि कॅमेरा प्रेमिकांना सोडून त्या काळ्या, चिकट चिखलाकडे पाहत राहतो. ज्या प्रेक्षकाला चुंबन हवे होते त्याला चिखल मिळाला. ही खोडी निर्मात्याच्या लक्षात आली की नाही कोण जाणे, पण या दिग्दर्शकाचे पुढे काय होणार याची चुणूक त्या एका शॉटमध्ये आहे.

चित्रपट आपटल्यावर बुन्युएल जवळजवळ अडीच वर्षे रिकामा बसला. आई स्पेनहून पैसे पाठवत असे, त्यावर घर चालले. जाहीर नाव असलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या कलावंताने आईच्या पैशांवर जगणे किती अवघड असेल हे सांगायला नको. आत्मकथनात मात्र त्याने ते थट्टेवारी नेले आहे.

पुन्हा संधी कशी मिळाली?

फेर्नान्दो सोलेर या ज्येष्ठ नटाला एका विनोदी चित्रपटात स्वतः काम करून शिवाय दिग्दर्शनही करायचे होते. दोन्ही झेपणार नाही असे दिसताच दान्सिगेर्सने बुन्युएलचे नाव सुचवले. ‘एल ग्रान कालावेरा’ (1949) सोळा दिवसांत चित्रित झाला. दारूच्या आहारी गेलेल्या श्रीमंत विधुराला त्याच्या भल्यासाठी नातेवाईक ‘तू कंगाल झालास’ असे भासवतात, त्याला ते कळते आणि तो तोच डाव त्यांच्यावर उलटवतो, अशी ही कथा. लुइस आणि जानेत आल्कोरिसा या जोडप्याने लिहिलेली पटकथा इतकी टणक आहे की 2013 मध्ये तिच्यावर बेतलेला ‘नोसोत्रोस लोस नोब्लेस’ हा नवा चित्रपटही मेक्सिकोत तुफान चालला.

या चित्रपटाने बुन्युएलला दोन गोष्टी मिळवून दिल्या. वेळेत आणि ठरलेल्या पैशांत काम पुरे करणारा माणूस म्हणून धंद्यात नाव झाले, आणि आल्कोरिसासारखा सहलेखक मिळाला. बुन्युएलला हवा तसा एक चित्रपट करू देण्याचे दान्सिगेर्सने मान्य केले ते याच यशाच्या जोरावर.

तो चित्रपट म्हणजे ‘लोस ओल्विदादोस’. त्यात एवढे विशेष काय आहे?

शहराच्या कडेला टाकून दिलेल्या मुलांवरचा चित्रपट काढावा ही कल्पना दान्सिगेर्सचीच. बुन्युएल कित्येक महिने जुनेपाने कपडे घालून मेक्सिको सिटीच्या गरीब वस्त्यांतून भटकला, लोकांशी बोलला, आणि बालसुधारगृहातल्या नोंदी त्याने वाचून काढल्या. चित्रीकरण साधारण तीन आठवड्यांत उरकले.

कथेत पेद्रो नावाचा मुलगा आहे, त्याला झिडकारणारी आई आहे आणि सुधारगृहातून पळालेला खायबो नावाचा दांडगा पोरगा आहे. अशा विषयावर त्या काळी दोन प्रकारांनी चित्रपट निघत. एकात गरीब हे मनाने सोन्यासारखे असत, आणि दुसऱ्यात एखादा शिक्षक वा पाद्री येऊन त्यांना सुधारत असे. बुन्युएलने दोन्ही नाकारले. त्याच्या चित्रपटातला आंधळा भिकारी कनवाळू नाही, तो लंपट आणि खुनशी आहे. मुले त्याला दगड मारतात, आणि पायांविना गाड्यावर बसून फिरणाऱ्या अपंगाला गाड्यावरून उतरवून रस्त्यात टाकतात. प्रेक्षकाला कुणाचीही कड घेऊन निवांत बसता येत नाही. सुधारगृहाचा प्रमुख मात्र खरोखरच भला माणूस आहे. तो पेद्रोवर विश्वास टाकून त्याच्या हाती पैसे देतो आणि बाहेर पाठवतो. या भलेपणाचा पराभव कुणा दुष्ट यंत्रणेमुळे होत नाही, कोपऱ्यावर खायबो उभा असतो म्हणून होतो. चित्रपटातली सगळ्यात निर्दय गोष्ट हीच.

दोन जागा विशेष पाहाव्यात. पहिली पेद्रोच्या स्वप्नाची. संथ गतीत आई पलंगावरून उठून येते, हसते, आणि त्याच्यापुढे कच्च्या मांसाचा मोठा लोंबता तुकडा धरते, तर पलंगाखालून खायबोचा हात तो हिसकावून घ्यायला वर येतो. भूक आणि मायेची भूक या दोन गोष्टी इथे एकाच चित्रात आल्या आहेत, आणि त्या स्पष्ट करणारा एकही संवाद नाही. दुसरी जागा सुधारगृहाच्या शेतावरची. चिडलेला पेद्रो हातातले अंडे थेट कॅमेऱ्याच्या काचेवर फेकतो आणि बलक पडद्यावरून ओघळतो. तोवर आपण सुरक्षित अंतरावरून पाहत आहोत असे समजणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडावरच तो बसतो.

मेक्सिकोत या चित्रपटाला विरोध का झाला?

परक्याने येऊन आमची लाज चव्हाट्यावर मांडली, हे त्याचे मूळ कारण. कोणतीही मेक्सिकन आई पोटच्या पोराशी असे वागणार नाही, असे म्हणून चित्रीकरणाच्या वेळीच एका केशरचनाकार बाईंनी काम सोडले होते. 1950 च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट लागला आणि काही दिवसांतच उतरला. वर्तमानपत्रांतून आणि संघटनांकडून बुन्युएलला देशाबाहेर घालवण्याच्या मागण्याही झाल्या. ज्या सोशिक मातेवर मेक्सिकन मेलोड्रामाचा सारा डोलारा उभा होता तिलाच त्याने हात घातला होता, हेही विसरून चालणार नाही.

वारे फिरले ते फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवामुळे. कवी ओक्ताव्हियो पाझ तेव्हा पॅरिसच्या वकिलातीत नोकरीला होता. त्याने बुन्युएलवर एक लेख लिहिला आणि महोत्सवात तो स्वतः उभा राहून वाटला. (हाच पाझ 1962 ते 1968 या काळात भारतात मेक्सिकोचा राजदूत होता.) 1951 मध्ये बुन्युएलला उत्तम दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, मेक्सिकोत चित्रपट पुन्हा लागला, चालला, आणि राष्ट्रीय आरियल पुरस्कारांतही त्याने बाजी मारली. बाहेरून शाबासकी आल्यावर घरचे कौतुक सुरू होणे हा काही एकट्या मेक्सिकोचा गुण नाही. 2003 मध्ये युनेस्कोने या चित्रपटाची जागतिक स्मृतिसंग्रहात नोंद केली. विरोधाच्या धास्तीने निर्मात्याने एक सुखान्त शेवटही चित्रित करून ठेवला होता. तो अनेक दशकांनी सापडला. पेद्रो त्यात पैसे घेऊन सुधारगृहात परततो. तो पाहिल्यावर मूळ शेवट का गरजेचा होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाकीच्या गल्लाभरू चित्रपटांचे काय? ते वगळले तर चालतील का?

काही वगळावेत. ‘उना मुखेर सिन आमोर’ (1952) हा आपला सर्वांत वाईट चित्रपट, असे स्वतः बुन्युएलच म्हणत असे, आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण ‘सुसाना’ (1951) पाहताना जरा सावध राहावे. तुरुंगातून पळालेली उनाड मुलगी एका सज्जन जमीनदाराच्या घरात शिरते, सगळ्या पुरुषांना नादी लावते, आणि शेवटी पोलीस तिला घेऊन गेल्यावर घर पुन्हा सुखी होते. निर्मात्याने मागितलेला नीतिपाठ त्याने तंतोतंत दिला, पण शेवटची सकाळ इतकी लखलखीत, इतकी गोड रंगवली की त्या सुखावर कुणाचाही विश्वास बसू नये.

‘एल’ (1953) हा तर त्याच्या उत्तम चित्रपटांतला एक आहे. चाळिशीतला देवभीरू, प्रतिष्ठित, श्रीमंत गृहस्थ चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीच्या वेळी एका तरुणीचे पाय पाहतो, तिच्याशी लग्न करतो आणि संशयाने वेडा होतो. नायकाच्या भूमिकेत आर्तुरो दे कोर्दोबा हा त्या काळचा देखणा, लोकप्रिय नट होता. प्रेमवीर म्हणून ज्याला पाहायची सवय होती त्याच्याच हातात रात्रीच्या वेळी दोर, सुई आणि दोरा पाहून प्रेक्षक गोंधळून हसले आणि चित्रपट पडला. पुढे पॅरिसमध्ये जाक लाकाँ हा मनोविश्लेषक आपल्या विद्यार्थ्यांना संशयपिशाच समजावण्यासाठी हा चित्रपट दाखवत असे. साचा मेलोड्रामाचा, नट मेलोड्रामाचा, संगीतही मेलोड्रामाचे, आणि आत भरलेले द्रव्य भलतेच: मेक्सिकोतल्या कामाची ही रीत एकदा ओळखू आली की त्याचे दुय्यम चित्रपटही वेगळे दिसू लागतात.

इतक्या थोड्या दिवसांत आणि पैशांत तो काम कसे करत असे?

चित्रपट डोक्यात आधीच कापलेला असे. तो जरुरीपुरतेच शॉट घेई, वेगवेगळ्या कोनांतून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करण्याची चैन त्याला परवडत नव्हती आणि पुढे परवडू लागल्यावरही त्याने ती केली नाही. संकलनाला मोजके दिवस पुरत. नटांना तो भावनांवर व्याख्याने देत नसे. कुठून यायचे, कुठे थांबायचे, केव्हा वळायचे एवढेच सांगे.

पैशांच्या चणचणीच्या खुणा पडद्यावर दिसतातच. ‘सुबिदा अल सिएलो’ (1952) मध्ये डोंगर चढणारी बस काही ठिकाणी खेळण्यातली आहे हे लहान मुलालाही कळेल. ‘एल आन्खेल एक्स्तेर्मिनादोर’मधल्या उच्चभ्रू मेजवानीत टेबलावरचे नॅपकिन त्या दर्जाचे नव्हते, ही खंत त्याने म्हातारपणीही बोलून दाखवली.

छायालेखक गाब्रिएल फिगेरोआशी त्याचे जमत असे का?

जमत असे, पण ओढाताणही होती. फिगेरोआ म्हणजे मेक्सिकन आकाशाचा चित्रकार, भव्य ढग आणि निवडुंग यांच्या प्रतिमांनी जगभर गाजलेला. ‘नासारिन’ (1959) च्या वेळी त्याने पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आणि त्यावरचे शुभ्र ढग अशी देखणी चौकट लावली, तेव्हा बुन्युएलने कॅमेरा फिरवून एका साध्यासुध्या दृश्याकडे वळवला, अशी हकिगत स्वतः बुन्युएलनेच सांगितली आहे. येशूच्या वाटेने चालू पाहणाऱ्या आणि जाईल तिथे नकळत घोटाळा करून ठेवणाऱ्या पाद्रीची ती गोष्ट आहे. मागे सुंदर ढग असते तर तो संत ठरला असता. फिगेरोआने दिग्दर्शकाचे ऐकले, आणि त्याच्या कामातला हा कोरडेपणा त्याच्या गाजलेल्या चौकटींइतकाच मोलाचा आहे.

मेक्सिकन पडद्यावर बाहेरून आलेला तो एकटाच होता का?

मुळीच नाही. आर्कादी बॉयत्लेर या रशियन माणसाने 1934 मध्येच ‘ला मुखेर देल पुएर्तो’ हा मेक्सिकन बोलपटांचा पायाभूत चित्रपट दिला होता. गालिसियात जन्मलेला आणि क्युबामार्गे आलेला खुआन ओरोल गुंड आणि रुंबा नर्तकींचे अचाट चित्रपट काढून लोकप्रिय झाला. जर्मनीहून आलेल्या आल्फ्रेदो क्रेवेन्नाने शंभरावर चित्रपट दिग्दर्शित केले. बुन्युएलच्या भोवती तर निर्वासितांचे कुटुंबच होते. आल्कोरिसा स्पेनचा, ‘सुबिदा अल सिएलो’चा निर्माता कवी मानुएल आल्तोलागिर्रे स्पेनचा, ‘एल’ची मूळ कादंबरी लिहिणारी मेर्सेदेस पिन्तो कनारी बेटांची. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (1954) लिहिणारा ह्यूगो बटलर हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेल्यामुळे परागंदा झालेला, कॅनडात जन्मलेला पटकथाकार होता आणि त्याला टोपणनावाने लिहावे लागले. एकट्या पडलेल्या माणसाच्या त्या कथेतल्या डॅन ओहर्लिहीला ऑस्करचे नामांकन मिळाले.

तो स्पेनला परत का गेला, आणि ‘विरिदियाना’चे प्रकरण काय होते?

मेक्सिकन निर्माता गुस्ताव्हो आलात्रिस्ते याने आपली पत्नी, अभिनेत्री सिल्विया पिनाल हिच्यासाठी बुन्युएलला पूर्ण मोकळीक देऊन चित्रपट करायला सांगितला, आणि तो स्पॅनिश कंपन्यांच्या भागीदारीत स्पेनमध्ये चित्रित झाला. फ्रँकोच्या देशात जाऊन काम करतो म्हणून निर्वासित मित्रांनी त्याला दूषणे दिली. 1961 मध्ये ‘विरिदियाना’ कानमध्ये सर्वोच्च सन्मानाचा मानकरी ठरला (तो अन्य एका फ्रेंच चित्रपटाबरोबर विभागून देण्यात आला) आणि स्पेनच्या चित्रपट खात्याच्या प्रमुखाने व्यासपीठावर जाऊन तो स्वीकारला. लगोलग व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटावर झोड उठवली. भिकाऱ्यांच्या धुडगुसात येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्राची नक्कल होती, एवढे कारण पुरेसे होते. त्या अधिकाऱ्याला घरी बसावे लागले, स्पेनमध्ये चित्रपटावर 1977 पर्यंत बंदी राहिली, आणि जगात तो मेक्सिकन चित्रपट म्हणून दाखवला गेला. टीका करणाऱ्या मित्रांना यापेक्षा चोख उत्तर देता आले नसते.

मेक्सिकोतली कारकीर्द कशी संपली?

‘एल आन्खेल एक्स्तेर्मिनादोर’ (1962) मध्ये मेजवानीला जमलेले प्रतिष्ठित पाहुणे काहीही अडथळा नसताना दिवाणखान्याबाहेर पडू शकत नाहीत. ‘सिमोन देल देसिएर्तो’ (1965) खांबावर राहणाऱ्या तपस्व्याचा. आलात्रिस्तेचे पैसे संपल्यामुळे तो पाऊण तासाचाच राहिला आणि व्हेनिसमध्ये गौरवला गेला. मेक्सिकन धंदा एव्हाना उतरणीला लागला होता, तर फ्रान्समध्ये सर्ज सिल्बरमानसारखे निर्माते तयार होते. 1972 च्या फ्रेंच चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तरी घर मात्र मेक्सिको सिटीच्या देल वाये भागातच राहिले. चित्रीकरणापुरता तो युरोपात जाई आणि काम संपले की मेक्सिकोला परते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

‘लोस ओल्विदादोस’पासून नको. तो पाहून पुढचे पाहायची हिंमत राहत नाही. आधी ‘सुबिदा अल सिएलो’ किंवा ‘ला इलुसियोन विआखा एन त्रान्विआ’ (1954) हा ट्रामवरचा हसरा चित्रपट पाहावा, म्हणजे मेक्सिकन बोली आणि माणसे ओळखीची होतात. मग ‘एल’, त्यानंतर ‘लोस ओल्विदादोस’, आणि मग ‘नासारिन’. ‘एन्सायो दे उन क्रिमेन’ (1955) जमेल तेव्हा जरूर पाहावा. खून करायची इच्छा असलेल्या पण दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी वा नशिबाने आधीच काम उरकलेल्या माणसाची ती विनोदी गोष्ट आहे. ‘ग्रान कासिनो’ पाहायचाच असेल तर चिखलाच्या त्या शॉटसाठी पाहावा. गाणी पुढे ढकलायला हरकत नाही.